इन्सुलेट, आयसोलेट की शील्ड: इंग्रजी लिहिताना आणि मॅन्युअल वाचताना

'इन्सुलेट' हे क्रियापद कागदावर उतरवण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं हाताशी हवीत. कशाला इन्सुलेट करायचं? कशापासून? आणि कशाने? वाक्यात तिन्ही गोष्टी लिहाव्याच लागतात असं नाही, पण लिहिणाऱ्याला त्या ठाऊक असायला हव्यात. शिवाय एक अट आहे: आरपार जाऊ पाहणारं किंवा झिरपणारं काहीतरी असलंच पाहिजे. उष्णता, वीज, आवाज हे नेहमीचे तीन. लाक्षणिक अर्थाने दबाव, टीका, भाववाढ, बाजारातली चढउतार. असं काही सापडत नसेल, तर बहुतेक वेळा क्रियापदच चुकलेलं असतं आणि तिथे 'सील', 'आयसोलेट', 'शील्ड' किंवा साधं 'प्रोटेक्ट' हवं असतं.

पाणी आणि धूळसुद्धा झिरपतात, पण इंग्रजीत त्यांच्यासाठी हे क्रियापद चालत नाही. पाण्यासाठी 'वॉटरप्रूफ' किंवा 'सील', धुळीसाठी 'सील'. 'इन्सुलेट द बॉक्स फ्रॉम वॉटर' असं लिहिलं तर वाचणारा समजून घेईल, पण लिहिणाऱ्याला या कामाची भाषा येत नाही हेही त्याला कळेल.

एकच वाक्य, जवळून

समजा पॉवर ट्रान्झिस्टर हीटसिंकवर, म्हणजे त्याची उष्णता काढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, बसवायचा आहे. टीओ-२२० पॅकेजमध्ये मागची धातूची पट्टी, म्हणजे टॅब, बहुतेक वेळा आतून कलेक्टरला किंवा ड्रेनला, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या एका टोकाला, जोडलेली असते. हीटसिंक अर्थ केलेला, म्हणजे जमिनीला जोडलेला, असेल तर टॅब थेट टेकवून चालत नाही, शॉर्ट होईल. म्हणून सूचना अशी लिहितात:

'इन्सुलेट द टॅब फ्रॉम द हीटसिंक विथ अ मायका वॉशर.'

कशाला? टॅबला. कशापासून? हीटसिंकपासून, म्हणून 'फ्रॉम'. कशाने? मायकाच्या, म्हणजे अभ्रकाच्या, वॉशरने, म्हणून 'विथ'. क्रियापदाचे तिन्ही खण भरले.

आता यातली गोम बघा. टॅब आणि हीटसिंक यांच्यात वीज जाता कामा नये, पण उष्णता मात्र भरभरून गेली पाहिजे. हीटसिंक त्याचसाठी लावलाय. मायका वीज अडवतो आणि पातळ असल्याने उष्णता बऱ्यापैकी जाऊ देतो. म्हणजे इथे 'इन्सुलेट' फक्त विजेपुरतं आहे. ज्याच्या डोक्यात या शब्दाचा पहिला अर्थ थर्माकोल आणि छप्पर असा बसलाय, तो जाड रबराचा तुकडा मध्ये घालेल आणि ट्रान्झिस्टर जाळेल. म्हणून असं काही लिहिताना क्रियाविशेषण टाकायचा कंटाळा करू नये: 'इलेक्ट्रिकली इन्सुलेट द टॅब, बट कीप गुड थर्मल कॉन्टॅक्ट.' उष्णतेबद्दल असेल तर 'थर्मली', आवाजाबद्दल असेल तर 'अकूस्टिकली'. संदर्भ स्वच्छ असेल तिथे क्रियाविशेषण गाळलं तरी चालतं. दोन गोष्टी एकाच वाक्यात आल्या की गाळू नये.

काम करताना चुकतं ते असं. वॉशर नीट बसवला, दोन्ही बाजूंना थर्मल पेस्टचा पातळ थर दिला, आणि स्क्रू मात्र थेट टॅबच्या भोकातून हीटसिंकमध्ये घट्ट केला. स्क्रूच धातूचा, तोच टॅबला हीटसिंकशी जोडतो. त्यासाठी स्क्रूवर प्लॅस्टिकची खांदा असलेली बुश घालावी लागते. दुसरी चूक म्हणजे हीटसिंकच्या भोकाभोवती राहिलेली धातूची कूस; स्क्रू आवळताना ती मायकाला टोचते. भोकाची कड आधी साफ करायची. मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक टॅबला, दुसरं हीटसिंकच्या उघड्या धातूला लावायचं. बीप वाजला नाही तर इंग्रजीत म्हणता येईल: 'द टॅब इज नाऊ इन्सुलेटेड फ्रॉम द हीटसिंक.' मात्र हीटसिंकला काळं अ‍ॅनोडायझिंग असेल तर टोक घासून धातूपर्यंत न्यायचं, नाहीतर तो थरच वीज अडवतो आणि तपासणी खोटी ठरते.

'फ्रॉम' की 'अगेन्स्ट'

सगळ्यात जास्त अडखळायला होतं ते इथे. मराठीत दोन्हींसाठी 'पासून' पुरतो, त्यामुळे फरक कानाला जाणवत नाही.

'फ्रॉम' वेगळेपणा सांगतो. दोन गोष्टी आहेत, त्यांचा एकमेकींशी संबंध येऊ द्यायचा नाही. विजेच्या बाबतीत जवळजवळ नेहमी 'फ्रॉम': 'द कंडक्टर मस्ट बी इन्सुलेटेड फ्रॉम द मेटल केसिंग.' 'द सीट पोस्ट इज इन्सुलेटेड फ्रॉम द फ्रेम.' तारेला केसिंगपासून वेगळं ठेवायचं आहे. केसिंग काही हल्ला करायला आलेलं नाही.

'अगेन्स्ट' विरोध सांगतो. पुढचा शब्द नको असलेल्या परिणामाचा असतो: 'इन्सुलेट द लॉफ्ट अगेन्स्ट हीट लॉस.' 'द स्टुडिओ इज इन्सुलेटेड अगेन्स्ट ट्रॅफिक नॉइज.' लॉस, नॉइज, कोल्ड, फ्रॉस्ट असे शब्द आले की 'अगेन्स्ट' सहज बसतो.

थंडी आणि आवाजासाठी 'फ्रॉम'ही वापरतात आणि ते चूक नाही. पण 'हीट लॉस' सारखा तोट्याचा शब्द असेल तर 'फ्रॉम' कानाला खटकतो. उलट 'इन्सुलेट द वायर अगेन्स्ट द केसिंग' वाचलं तर तार केसिंगला टेकवून ठेवली आहे असा भास होतो, कारण 'अगेन्स्ट'चा दुसरा अर्थ 'ला टेकून' असाही आहे. विजेच्या कामात हा भास परवडत नाही.

'विथ' साहित्यासाठी: 'विथ फोम', 'विथ मिनरल वूल' (दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंची लोकर), 'विथ टू लेअर्स ऑफ टेप'. 'बाय' तेव्हा, जेव्हा ती गोष्ट मुद्दाम लावलेली नसून स्वतःहून ते काम करते: 'द पॉन्ड वॉज इन्सुलेटेड बाय अ लेअर ऑफ स्नो.' बर्फ कोणी अंथरला नाही, पडला. 'इन्सुलेट फॉर कोल्ड' आणि 'इन्सुलेट टू हीट' या रचना इंग्रजीत नाहीत. लिहून झाल्यावर त्या शोधून काढाव्यात.

कर्माशिवायही क्रियापद चालतं, तेव्हा तो पदार्थाचा गुण असतो: 'स्टिल एअर इन्सुलेट्स वेल.' हे आकड्यांतही दिसतं. स्थिर हवेची उष्णतावाहकता साधारण ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन, मिनरल वूलची ०.०३५ ते ०.०४, पाण्याची ०.६ च्या आसपास आणि तांब्याची ४०० जवळ. मिनरल वूल, फोम, लोकरीचा स्वेटर या सगळ्यांत खरं काम आत अडकलेली हवा करते. म्हणूनच वूल दाबून बसवलं किंवा ओलं झालं की 'इट नो लाँगर इन्सुलेट्स प्रॉपर्ली' असं लिहायची वेळ येते. दाबल्याने हवा निघून जाते, भिजल्याने हवेच्या जागी तिच्या वीसपटींहून जास्त उष्णता वाहणारं पाणी येतं.

करणारा कोण

'आय इन्सुलेटेड द रूफ' म्हणजे स्वतः वर चढून, हाताने केलं. कारागिराकडून करून घेतलं असेल तर 'आय हॅड द रूफ इन्सुलेटेड' किंवा बोलताना 'गॉट इट इन्सुलेटेड'. मराठीत 'मी छत करून घेतलं' आणि 'मी छत केलं' यांत आपण फरक करतोच, मग इंग्रजीत तो विसरायचं कारण नाही. विमा, वॉरंटी, तपासणी अहवाल अशा कागदांत कोणी काम केलं याला महत्त्व असतं.

इन्सुलेटेड आणि इन्सुलेटिंग

'इन्सुलेटेड' म्हणजे जिच्यावर आवरण आहे ती वस्तू. 'इन्सुलेटिंग' म्हणजे जी आवरणाचं काम करते ती. तार इन्सुलेटेड, टेप इन्सुलेटिंग. 'इन्सुलेटेड टेप' असं सर्रास लिहिलेलं दिसतं. त्याचा शब्दशः अर्थ 'आवरण घातलेली टेप' होतो. 'इन्सुलेटिंग टेप' किंवा 'इन्सुलेशन टेप' म्हणावं. तसंच 'इन्सुलेटेड मटेरियल' नव्हे, 'इन्सुलेटिंग मटेरियल'.

हातातल्या हत्यारांच्या बाबतीत हा फरक प्रमाणपत्रापर्यंत जातो. चालू लाइनवर वापरायच्या हातहत्यारांसाठी आयईसी ६०९०० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे; त्याची मर्यादा एसी १००० व्होल्ट आणि डीसी १५०० व्होल्ट. त्यात धातूच्या हत्यारावर आवरण चढवलेलं असेल तर ते 'इन्सुलेटेड टूल', आणि हत्यारच मुळात विसंवाहक पदार्थाचं असेल तर 'इन्सुलेटिंग टूल'. अशा हत्यारावर दोन त्रिकोणांचं चिन्ह आणि १००० व्होल्टचा आकडा छापलेला असतो. पकडीच्या दांड्यावर नुसतं जाड, मऊ, रंगीत प्लॅस्टिक आहे म्हणून तिला 'इन्सुलेटेड' म्हणू नये. ती हाताला बरी लागावी म्हणून दिलेली ग्रिप असू शकते. विक्रीच्या वर्णनात हा शब्द चुकून टाकणं म्हणजे वापरणाऱ्याच्या जिवाशी खेळ.

'डबल इन्सुलेटेड' हा आणखी एक शब्द ज्याचा अंदाजाने अर्थ लावला जातो. दुहेरी भिंत असलेला डबा वगैरे नव्हे. हा विद्युत सुरक्षेचा वर्ग आहे, क्लास टू. मूळ आवरणाखेरीज दुसरं स्वतंत्र आवरण असतं, किंवा दोन्हींच्या तोडीचं एकच भक्कम आवरण. पहिलं फाटलं तरी दुसरं वाचवतं, म्हणून अशा उपकरणाला अर्थिंगची तार लागत नाही. चिन्ह: चौकोनात चौकोन. प्लगला अर्थ पिन जोडलेली नाही म्हणून तक्रार करण्याआधी हे चिन्ह शोधावं.

'अनइन्सुलेटेड' म्हणजे आवरण नसलेलं. तारेसाठी 'बेअर' जास्त रुळलेलं आहे: 'बेअर कॉपर'. क्रिम्प करायच्या, म्हणजे तारेवर दाबून बसवायच्या, टर्मिनलच्या पाकिटावर 'नॉन-इन्सुलेटेड' असं छापतात. 'वेल', 'पुअरली', 'फुली' ही क्रियाविशेषणं सहज जोडता येतात. 'वेल-इन्सुलेटेड हाऊस' मध्ये नामाआधी आलं की जोडरेघ, 'द हाऊस इज वेल इन्सुलेटेड' मध्ये नाही.

नामं: इथे अनेकवचन फसवतं

'इन्सुलेशन' मोजता येत नाही. 'अ‍ॅन इन्सुलेशन' नाही, 'इन्सुलेशन्स' नाही. मोजायचंच असेल तर 'अ लेअर ऑफ इन्सुलेशन', 'टू रोल्स ऑफ इन्सुलेशन'. हाच शब्द क्रियेलाही चालतो, साहित्यालाही आणि अवस्थेलाही, त्यामुळे मराठीत आणताना प्रत्येक वेळी वेगळा शब्द लागू शकतो.

'इन्सुलेटर' मोजता येतो. एक तर पदार्थाचा वर्ग, 'ग्लास इज अ‍ॅन इन्सुलेटर', नाहीतर ठोस वस्तू: विजेच्या मनोऱ्यांवर तारा टांगायला पोर्सेलिनच्या किंवा काचेच्या चकत्यांची माळ असते ती. तारेवरचं प्लॅस्टिक मात्र 'इन्सुलेशन', 'इन्सुलेटर' नव्हे. मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, मोजतात ते 'इन्सुलेशन रेझिस्टन्स'. ५०० व्होल्टपर्यंतच्या साध्या वायरिंगला ५०० व्होल्ट डीसी देऊन किमान १ मेगाओहम यायला हवा, अशी आयईसी ६०३६४ मधली अट आहे. चाचणीचा अहवाल लिहिताना 'इन्सुलेटर रेझिस्टन्स' लिहिलं तर मनोऱ्यावरची चकती मोजली असा अर्थ निघतो.

मराठीत उतरवताना शाळेच्या पुस्तकातला 'दुर्वाहक' आणि परिभाषेतला 'विसंवाहक' हे दोन्ही शब्द पदार्थासाठी ठीक आहेत. 'विद्युतरोधक' वापरायला हरकत नाही, पण 'रोध' हा शब्द आपण रेझिस्टन्ससाठी खर्च केलेला असल्याने शेजारच्याच वाक्यात रेझिस्टर आला की गोंधळ होतो. क्रियेसाठी 'आवरण घालणे' बरं. कामाच्या जागेवर तर सगळे 'इन्सुलेशन केलं' असंच म्हणतात, आणि सूचनापत्रकात तेच ठेवलेलं उत्तम.

आयसोलेट: या चुकीची किंमत मोठी

दोन्ही शब्दांच्या मुळाशी लॅटिनमधला 'इन्सुला', म्हणजे बेट. 'आयसोलेट' इटालियन आणि फ्रेंचमधून फिरून आला, 'इन्सुलेट' थेट लॅटिनवरून. त्यामुळे ते दिसायला भावंडं वाटतात. कामात मात्र त्यांची अदलाबदल करू नये.

'आयसोलेट द सप्लाय बिफोर रिमूव्हिंग द कव्हर.' याचा अर्थ पुरवठा तोडा. आयसोलेटर उघडा, कुलूप लावा, फलक अडकवा, टेस्टर आधी चालू लाइनवर तपासून घ्या, मग इथे विजेचा दाब (व्होल्टेज) नाही याची खात्री करा, आणि टेस्टर पुन्हा चालू लाइनवर तपासा. एवढं झालं की सप्लाय 'आयसोलेटेड' आहे. याच वाक्याचं भाषांतर 'पुरवठा इन्सुलेट करा' असं झालं, तर समोरचा माणूस टर्मिनलवर टेप गुंडाळून चालू लाइनवर हात घालू शकतो. मूळ इंग्रजी लिहिणाऱ्यानेच 'इन्सुलेट' लिहिलं असेल आणि पुढे कव्हर काढायची सूचना असेल, तर भाषांतरकाराने गप्प बसू नये, विचारून घ्यावं.

'आयसोलेटर' म्हणजे जोडणी तोडणारा स्विच. 'इन्सुलेटर' म्हणजे वीज न वाहणारी वस्तू. खरेदीच्या यादीत एकाच्या जागी दुसरा आला तर स्विचऐवजी पोर्सेलिनचे तुकडे येतील.

दोन्ही शब्द एकाच वाक्यात येऊ शकतात आणि तेव्हा फरक स्वच्छ दिसतो: 'द टू वाइंडिंग्ज आर इन्सुलेटेड फ्रॉम ईच अदर, सो द आउटपुट इज आयसोलेटेड फ्रॉम द मेन्स.' ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांमध्ये आवरण आहे, ते इन्सुलेशन. त्यामुळे दोन सर्किटांमध्ये तारेचा थेट संबंध उरत नाही, ते आयसोलेशन. पहिलं साधन, दुसरा परिणाम. ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातेच.

विजेबाहेर ओळखायचं कसं? संसर्ग झालेला रुग्ण, प्रयोगशाळेत वेगळं काढलेलं रसायन, सॉफ्टवेअरमधला शोधून काढलेला दोष, या सगळ्यांना 'आयसोलेट'. यंत्राची थरथर जमिनीत जाऊ नये म्हणून रबराचे माउंट लावतात त्यालाही 'व्हायब्रेशन आयसोलेशन' म्हणतात. इथे थरथर झिरपते आहे, म्हणजे माझ्या वरच्या नियमाप्रमाणे 'इन्सुलेट' चालायला हवं होतं. रूढी आडवी येते. लक्षात ठेवायचं, दुसरा इलाज नाही.

शील्ड: अडवणारी वस्तू बहुतेकदा वीजवाहक

केबल सोलून बघितली की हा फरक एका नजरेत कळतो. मधोमध तांब्याची तार, कंडक्टर. तिच्यावर रंगीत प्लॅस्टिक, इन्सुलेशन. दोन-चार अशा तारांभोवती अ‍ॅल्युमिनियमची पन्नी किंवा तांब्याची विणलेली जाळी, शील्ड. सगळ्यांवर बाहेरचं कवच, अमेरिकन इंग्रजीत 'जॅकेट' आणि ब्रिटिशमध्ये 'शीथ'. बाहेरच्या कवचाला इन्सुलेशन म्हणू नये. त्याचं पहिलं काम ओरखडे, ओल आणि ऊन यांपासून आतलं जपणं हे आहे. 'रिमूव्ह ३० मिलिमीटर ऑफ शीथ अँड ६ मिलिमीटर ऑफ इन्सुलेशन' या सूचनेत दोन वेगळे थर आहेत. दोन्ही एकच समजून ३० मिलिमीटरपर्यंत तार उघडी केली तर टर्मिनलबाहेर नागडं तांबं लोंबत राहील.

इन्सुलेशन वीज वाहत नाही म्हणून काम करतं. शील्ड वीज वाहते म्हणून काम करते. १८३६ मध्ये मायकेल फॅरेडेने धातूच्या पिंजऱ्यात जे दाखवलं तेच तत्त्व इथे आहे. म्हणून 'इन्सुलेट द केबल फ्रॉम इंटरफिअरन्स' हे चूक; प्लॅस्टिकचे दहा थर दिले तरी रेडिओ लहरी आत येतीलच. 'शील्ड द केबल फ्रॉम इंटरफिअरन्स' म्हणावं, ब्रिटिश कागदपत्रांत 'स्क्रीन'. 'शील्डेड केबल' आणि 'स्क्रीन्ड केबल' एकच.

शील्ड कुठेही न जोडता सोडली तर तिचा उपयोग फारसा होत नाही. ऑडिओसारख्या कमी फ्रिक्वेन्सीच्या कामात गुणगुण टाळण्यासाठी ती बऱ्याचदा एकाच टोकाला जोडतात, जास्त फ्रिक्वेन्सीला दोन्ही टोकांना. पन्नीच्या केबलमध्ये एक उघडी बारीक तार पन्नीला चिकटून धावते, तिला 'ड्रेन वायर' म्हणतात. जोडणी तिच्यातूनच करायची. पन्नीच्या एका बाजूला प्लॅस्टिकची फिल्म असते, त्यामुळे ड्रेन वायर चमकत्या धातूच्या बाजूलाच टेकलेली आहे ना हे पाहावं. आणि गंमत अशी की ही ड्रेन वायर टर्मिनलजवळ शेजारच्या टर्मिनलला टेकू नये म्हणून तिच्यावर नळी चढवतात. तेव्हा वाक्य होतं: 'इन्सुलेट द ड्रेन वायर विथ अ स्लीव्ह.' शील्डलाही इन्सुलेट करावं लागतं.

क्ष-किरणांसाठी शिसं, तेही 'शील्डिंग'. उष्णतेच्या बाबतीत सीमा जरा पुसट आहे. 'हीट शील्ड' तापलेल्या वस्तूकडून येणारे उष्णतेचे किरण परतवते. चकाकता पत्रा, आणि त्याच्यासमोर हवेची फट. फट नसेल, पत्रा थेट तापलेल्या भागाला टेकला, तर तोच उष्णता पुढे वाहून नेतो. जेम्स ड्युअरने १८९२ मध्ये बनवलेल्या निर्वात फ्लास्कमध्ये दोन्ही युक्त्या आहेत: दोन भिंतींमधला निर्वात भाग इन्सुलेट करतो, चांदीचा लेप किरण परतवतो. गरमासाठीही तोच, थंडासाठीही तोच. 'इन्सुलेट'चा अर्थ 'गरम ठेवणे' असा पाठ केला असेल तर तो इथे सोडून द्यावा. क्रियापद दोन्ही दिशांना चालतं.

उष्णता आणि आवाज: विशेषणांची गल्लत

'हीट-रेझिस्टंट' म्हणजे स्वतः ताप सोसणारं. 'इन्सुलेटिंग' म्हणजे ताप पलीकडे जाऊ न देणारं. पोलाद पहिलं आहे, दुसरं नाही. पॉलिस्टायरीनचा फोम दुसरा आहे, पण १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडतो, म्हणून वाफेच्या पाइपला तो चालत नाही. 'फायरप्रूफ' ही तिसरीच गोष्ट. वर्णनात या तिघांपैकी एक शब्द दिला असेल तर उरलेले दोन गुण गृहीत धरू नयेत.

पाकिटावर 'आर-व्हॅल्यू', म्हणजे उष्णता किती अडते त्याचं माप, दिली असेल तर जास्त तेवढी चांगली. 'यू-व्हॅल्यू', म्हणजे उष्णता किती आरपार जाते त्याचं माप, कमी तेवढी चांगली. आर काढायला जाडी मीटरमध्ये घेऊन वाहकतेने भागायची: १०० मिलिमीटर मिनरल वूल, वाहकता ०.०४, तर ०.१ भागिले ०.०४, म्हणजे २.५. अमेरिकन पाकिटावर हाच माल आर-१४ असा दिसेल, कारण तिथलं एकक वेगळं. मेट्रिक आकड्याला साधारण ५.६८ ने गुणायचं. दोन देशांच्या पाकिटांवरचे आकडे थेट शेजारी ठेवले की अमेरिकन माल उगाच पाच-सहापट चांगला वाटतो.

ब्रिटिश इंग्रजीत पाइप आणि बॉयलर गुंडाळण्याला 'लॅग' असं खास क्रियापद आहे, साहित्य 'लॅगिंग'. वाचताना ओळखता आलं की पुरे. लिहिताना 'इन्सुलेट' सगळीकडे चालतं.

आवाजात 'इन्सुलेट' आणि 'अब्सॉर्ब' वेगळे ठेवा. भिंतीला चिकटवलेला मऊ फोम खोलीतला घुमारा शोषतो, म्हणजे 'इट अब्सॉर्ब्ज साउंड'. शेजारच्या खोलीत जाणारा आवाज तो फारसा अडवत नाही. तो अडवायला वजनदार भिंत, बुजवलेल्या फटी आणि एकमेकींना न टेकणारे थर लागतात. त्यालाच 'साउंड इन्सुलेशन' म्हणायचं. फोम विकताना 'इन्सुलेट्स' लिहिलेलं असेल तर संशय घ्यावा.

लाक्षणिक अर्थ

बातम्या आणि अहवालांत हेच क्रियापद पैसा आणि राजकारणासाठी येतं. 'फिक्स्ड-रेट लोन्स इन्सुलेट बॉरोअर्स फ्रॉम रायझिंग इंटरेस्ट रेट्स.' इथे 'फ्रॉम' जास्त, 'अगेन्स्ट' कमी, तोही भाववाढ, धक्के अशा शब्दांबरोबर. सूर असा की झळ हळूहळू, सतत लागली असती, पण एक कायमची व्यवस्था मध्ये आहे. एकदाच येणाऱ्या संकटासाठी हे क्रियापद विचित्र वाटतं. कुत्रा अंगावर आला आणि आईने मुलाला मागे ओढलं, तर 'शील्डेड'. धक्का बसला पण कमी बसला, तर 'कुशन्ड'. कोणाला खटल्यातून, चौकशीतून वाचवलं, तर पुन्हा 'शील्डेड', आणि त्यात बहुधा नापसंतीचा वास असतो.

'इन्सुलेट' कौतुकही करतो आणि टोमणाही मारतो. 'जजेस आर इन्सुलेटेड फ्रॉम पोलिटिकल प्रेशर' हे चांगलं मानलं जातं. 'द लीडर्स आर इन्सुलेटेड फ्रॉम रिअ‍ॅलिटी' म्हणजे त्यांना जमिनीवर काय चाललंय याचा पत्ता नाही. फरक 'फ्रॉम' नंतरच्या शब्दाने ठरतो: नको असलेली गोष्ट असेल तर कौतुक, माणसाला ठाऊक असायलाच हवी अशी असेल तर टीका. मराठीत पहिल्याला 'दबावापासून मुक्त', दुसऱ्याला 'वास्तवापासून तुटलेले'. दोन्हीकडे 'सुरक्षित' लिहिलं तर दुसऱ्या वाक्यातला टोमणा वाया जातो.

उच्चाराबद्दल थोडकं. ब्रिटिश 'इन्स्युलेट', अमेरिकन 'इन्सलेट'. दोन्हींत जोर पहिल्या 'इन्' वर. 'इन्सुलेशन' म्हणताना जोर 'ले' वर सरकतो. स्पेलिंगमध्ये एल एकच. आयएनजी जोडताना शेवटचा ई गळतो.

दुरुस्तीसाठी काही वाक्यं

'इन्सुलेट द मोटर बिफोर सर्व्हिसिंग.' इथे 'आयसोलेट' हवं.

'कव्हर द जॉइंट विथ इन्सुलेटेड टेप.' इथे 'इन्सुलेटिंग'.

'द हाऊस हॅज गुड इन्सुलेशन्स.' अनेकवचन काढा.

'दिस फोम इन्सुलेट्स द रूम फ्रॉम एको.' प्रतिध्वनी बाहेरून येत नाही, आतच घुमतो. 'दिस फोम रिड्यूसेस एको' पुरेसं आहे.

'अ मेटल बॉक्स इन्सुलेट्स द सर्किट फ्रॉम रेडिओ वेव्हज.' क्रियापद 'शील्ड्स' करा. आणि तो बॉक्स धातूचा असल्याने आतला सर्किट बोर्ड त्याला टेकू नये म्हणून खाली प्लॅस्टिकचे स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड उचलून धरणारे आधार, लावायचे असतील, तर पुढच्या वाक्यात 'इन्सुलेट' योग्य जागी येतो: 'इन्सुलेट द बोर्ड फ्रॉम द बॉक्स विथ प्लॅस्टिक स्टँडऑफ्स.'